विषाणूच्या पायाची सुई

प्रश्न : जिवाणूंना मारणारा टी-४ विषाणू ई. कोलाय या जिवाणूला नेमका कशाने पकडतो? त्याचे एवढे बारीक पाय मोडत कसे नाहीत?
– एक विद्यार्थिनी, सातारा

उत्तर : आपण ज्यांना पाय म्हणता, ते प्रथिनांचे लांब तंतू होत. ते सहा असतात, आणि प्रत्येकाची लांबी सुमारे १४५ नॅनोमीटर असून मध्ये गुडघ्यासारखा बाक असतो. गुडघ्याखालचा बराचसा भाग जीपी-३७ या प्रथिनाच्या तीन साखळ्या एकमेकींत गुंफून तयार होतो, आणि त्याचे टोकच जिवाणूच्या बाह्य आवरणातील ओएमपी-सी हे प्रथिन किंवा तेथील मेदशर्करा ओळखते.

या टोकाची रचना २०१० मध्ये क्ष-किरण स्फटिकशास्त्राने (प्रथिनाच्या स्फटिकावर क्ष-किरण टाकून अणूंची मांडणी शोधण्याच्या पद्धतीने) उलगडली, आणि आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर बहुधा तिच्यातच आहे. टोकाजवळ तिन्ही साखळ्या मिळून एक सडपातळ सुई बनते. तिच्या गाभ्यात लोहाचे सात आयन एका रेषेत बसलेले असून प्रत्येकाला साखळ्यांमधील हिस्टिडिन या अमिनो आम्लाच्या सहा एककांनी धरून ठेवलेले असते. बहुधा यामुळेच एवढी बारीक सुई मोडत नाही. प्रथिनाच्या अंगात ओवलेली ही लोहाची माळ मला निसर्गातील अत्यंत देखण्या रचनांपैकी एक वाटते.

मात्र लांब तंतूंची पकड सुटू शकते. ती पक्की झाल्यावरच विषाणूच्या शेपटीच्या तळाशी असलेल्या तळपट्टिकेखालचे आखूड तंतू उलगडून आवरणाला कायमचे चिकटतात, शेपटीचे वेष्टन आकुंचन पावते आणि डीएनए जिवाणूत शिरतो.