वेळापत्रक प्रथमच लावताना

हे काम आपल्याकडे पहिल्यांदाच आले आहे, तेव्हा आरंभी एवढेच पाहा: ज्या तासांना हलवायला वाव कमी, ते आधी बसवा. प्रयोगशाळेचे सलग तास, अनेक विभागांचे विद्यार्थी एकत्र बसतात असे सामाईक विषय आणि आठवड्यातून दोनच दिवस येणारे अभ्यागत प्राध्यापक यांची सोय लागली की उरलेली व्याख्याने मोकळ्या जागी सहज सरकवता येतात. उलट क्रमाने गेलात, तर शेवटी सगळा तक्ता मोडावा लागतो.

नवख्यांच्या चुका बहुधा खोलीपाशी होतात. प्रोजेक्टर चांगला म्हणून ४० विद्यार्थ्यांसाठी १२० आसनांचे सभागृह अडवले जाते आणि मोठ्या वर्गाला जागा उरत नाही. खोली पटसंख्येप्रमाणेच घ्या, आणि कागदावरच्या आसनक्षमतेवर विसंबू नका. मी विसंबलो होतो आणि ६० जणांच्या खोलीत मागची दोन बाके मोडकी निघाली.

मसुदा तयार झाल्यावर, तास एकमेकांवर येत नाहीत ना हे पाहण्यासाठी, तो तीनदा वाचा:
- एकदा खोलीनिहाय,
- एकदा शिक्षकनिहाय,
- एकदा तुकडीनिहाय.

खोलीसाठी मिळालेल्या तोंडी होकाराला आरक्षण समजू नका, नोंद झालेली डोळ्यांनी पाहा. आपोआप वेळापत्रक लावणाऱ्या सॉफ्टवेअरचा विचार पहिले सत्र पार पडल्यावर करू.