प्रतिकारशक्ती वाढवायची की दाबायची?

ताई, तुमच्या भावाला क्रोन्स, म्हणजे आतड्याला सतत सूज आणणारा आजार, निघालाय, डॉक्टर इन्फ्लिक्सिमॅब हे सलाइनमधून द्यायचं औषध सुरू करायचं म्हणतायत आणि आत्या रोज सकाळी गुळवेलीचा काढा पाजतायत. एक प्रतिकारशक्ती दाबणार, दुसरा वाढवणार, मग ऐकायचं कुणाचं, असा तुमचा प्रश्न. मी डॉक्टर नाही. बारा वर्षं हाच आजार काढतोय, त्यात जे समजलं ते सांगतो.

प्रतिकारशक्तीला टाकीतल्या पाण्यासारखी एकच पातळी नसते. तिथे वेगवेगळ्या पेशी असतात आणि त्या एकमेकींना चेतवतात किंवा आवरतात. आतड्याच्या अस्तरात पेशींचा जेमतेम एक थर. त्याच्या एका अंगाला अब्जावधी जंतू, दुसऱ्या अंगाला प्रतिकारशक्तीच्या पेशींचा शरीरातला सगळ्यात मोठा जमाव. निरोगी माणसात हा शेजार निभतो, कारण टी-पेशी नावाच्या पांढऱ्या पेशींमधली नियामक जात बाकीच्यांना आवरून धरते. क्रोन्समध्ये ते आवरणं कमी पडतं. मॅक्रोफेज नावाच्या जंतू गिळणाऱ्या पेशी टीएनएफ नावाचं सूज भडकवणारं प्रथिन सोडत राहतात, बाकीच्या टी-पेशी आणखी चवताळतात, आणि रक्तातून धावत आलेल्या न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी जंतूंसाठीचा दारूगोळा आतड्याच्याच भिंतीवर रिकामा करतात. भावाची शौचातल्या कॅल्प्रोटेक्टिनची तपासणी झाली असेलच. ते प्रथिन मुख्यतः या न्यूट्रोफिलांमधलं. साधारण ५० च्या आत हवं. माझ्या पहिल्या रिपोर्टवर १,८४० होतं. लॅबवाल्यानं आकड्याखाली दोन रेघा मारल्या होत्या!

मग सरसकट दाबून टाकावं का? तसंही नाही. टी-पेशींची एक जात आयएल-१७ नावाचं प्रथिन सोडते. क्रोन्सच्या आतड्यात ते भरपूर सापडतं, म्हणून सेक्युकिनुमॅब या औषधानं ते अडवून पाहिलं. २०१२ साली त्या चाचणीचे निकाल आले: फायदा नाहीच, उलट दुष्परिणाम जास्त. आयएल-१७ अस्तराची राखणही करतं, हे तेव्हा नीट ध्यानात आलं. व्हेडोलिझुमॅब या दुसऱ्या औषधाची तऱ्हा निराळी. ते टी-पेशींना रक्तातून आतड्यात शिरू देत नाही, बाकी शरीराला फारसा हात लावत नाही.

इन्फ्लिक्सिमॅब टीएनएफला पकडतं. अमेरिकेत १९९८ पासून क्रोन्ससाठी वापरात आहे. पण टीबीचे झोपलेले जंतू गाठीत कोंडून ठेवायला हेच टीएनएफ लागतं. आपल्याकडे तर असे जंतू कित्येकांच्या अंगात असतात. म्हणून आधी छातीचा एक्स-रे आणि टीबीची रक्ततपासणी झालीच पाहिजे. झाली नसेल तर अडून बसा. क्रोन्स आणि आतड्याचा टीबी दुर्बिणीतून सारखेच दिसतात, ही आणखी एक गंमत; मला आधी सहा महिने टीबीच्या गोळ्या खायला लागल्या. तेव्हा फार चिडलो होतो, आता डॉक्टरांची अडचण कळते.

आत्यांची माया खरी, पण काढा थांबवा. गुळवेल घेणाऱ्या काही जणांच्या यकृताला सूज आल्याची नोंद २०२१ मध्ये मुंबईच्याच डॉक्टरांनी केली होती, आणि ती सूजही प्रतिकारशक्ती उलटल्यासारखीच होती. इतके दिवस काढा चालू होता हे डॉक्टरांना सांगा, लपवू नका.

पहिल्या सलाइनला अर्धा दिवस जातो. दुसरी दोन आठवड्यांनी, तिसरी सहाव्या आठवड्यात, मग दर आठ आठवड्यांनी. भावाला स्वेटर न्यायला सांगा, त्या खोल्यांतला एसी फार असतो.