मोठं मांजर लळा लावतं का?

प्रश्न : आम्ही नेरुळला चौथ्या मजल्यावर राहतो. स्टेशनजवळच्या पार्किंगमध्ये एका गाडीखाली सापडलेली भाटी आम्ही तात्पुरती सांभाळायला आणली आहे. मांजरं सोडवणाऱ्या एका मुलीने गळ घातली होती. डॉक्टरांच्या मते वय तीन-चार वर्षं. नाव चिंगी. आठवडा झाला, दिवाणाखालून बाहेर येत नाही. रात्री खाणं संपवते, शी-शू पहिल्या दिवसापासून ट्रेमध्येच करते, पण वाकून बघितलं की फिसकारते. मुलाने आत हात घातला तर ओरबाडलं, थोडं रक्त आलं. सासूबाई म्हणतात, मोठं मांजर लळा लावत नाही, पिल्लूच आणायचं होतं. खारघरचं एक कुटुंब तिला दत्तक घ्यायला तयार आहे, पण माझा जीव गुंतलाय. ठेवू की देऊ? त्यात पुढच्या महिन्यात घरी गणपती आहेत.
— एक वाचक, नेरुळ

उत्तर : ताई, आधी मुलाचा हात. चिंगीला पूर्वी रेबीजची लस मिळाली होती की नाही, हे कुणालाच ठाऊक नाही. रक्त आलं तेव्हा जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुतली नसेल तर आता धुवा आणि आजच महापालिकेच्या रुग्णालयात जाऊन मुलाची लस सुरू करा. आठवडा उलटला म्हणून राहू देऊ नका. यात चिंगीचा राग मानू नका. लपायच्या एकुलत्या एका जागेत कुणाचा हात शिरला, तर तिने दुसरं काय करावं?

आता चिंगी. तुमच्या पत्रातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे रात्री रिकामी होणारी वाटी. जे मांजर खातं आणि ट्रे वापरतं, ते घरात राहायला तयार झालेलं असतं. तुमच्याशी बोलायला तेवढं अजून तयार नसतं. ट्रे लगेच ओळखला, म्हणजे ही बहुधा कुणाच्या तरी घरात वाढलेली आहे. घर बदलताना तिला मागे सोडलं असेल. अशी मांजरं मला ठाण्यात नेहमी भेटतात आणि दर वेळी जीव तुटतो. प्राण्याला असं वाऱ्यावर सोडणं १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे, हे किती जणांना माहीत असतं?

दिवाण सरकवू नका, वाकून बघू नका. उलट संध्याकाळी दिवाणाकडे पाठ करून जमिनीवर बसा आणि हळू आवाजात पेपर वाचा. अग्रलेख वाचा, राशिभविष्य वाचा, तिला काय त्याचं. ती बाहेर डोकावली तर टक लावून बघू नका. नजर खाली, डोळे सावकाश मिटायचे, सावकाश उघडायचे. एखाद्या दिवशी तीही तसेच डोळे मिटेल. माझ्या नौपाड्याच्या घरातली गोदा मोठेपणीच आली. पहिला सबंध पावसाळा ती कपाटामागे होती. आजही मांडीवर बसत नाही, पण मी भाजी निवडायला बसले की पाठीला पाठ टेकवून बसते. तिच्या पाठीची ती ऊब आणि मणक्यातून जाणवणारी घुरघुर मला पुरते.

सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. त्या दुपारी एका जागी शांत बसत असतील, तर चिंगी पहिल्यांदा त्यांच्याकडेच येण्याची शक्यता जास्त. मांजराला पाठीमागे न लागणारं माणूस आवडतं. आणि पिल्लू पुढे कसं निघेल ते कुणी सांगावं? मोठ्या मांजराचा स्वभाव घडलेला असतो. काही आठवड्यांत तो तुमच्यासमोर येईल आणि मग बराचसा तसाच राहील. पिल्लांना घरं मिळतात, मोठी मांजरं मागे राहतात, याचं मला खरंच वाईट वाटतं.

दिवाणाखालची जागा मात्र आजच तपासा. कपड्यांत डांबरगोळ्या ठेवल्या असतील तर काढा. फरशी फिनेलने पुसू नका. ते पंजाला लागतं, पंजा चाटला की पोटात जातं आणि मांजराच्या यकृताला असले पदार्थ नीट निकामी करता येत नाहीत. पॅरासिटामॉलचंही तेच. माणसाची एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते. दूधभात प्रेमाने देत असाल, पण बहुतेक मोठ्या मांजरांना दूध पचत नाही, जुलाब होतात. चिकन द्यायचं तर नुसतं उकडून, कांदा-लसूण अजिबात नको. एक दिवसभर काहीच खाल्लं नाही तर डॉक्टरांना फोन करा. उपाशी मांजराच्या यकृतात चरबी साचते आणि ते प्रकरण फार लवकर हाताबाहेर जातं.

चौथा मजला म्हणजे खिडक्या-बाल्कनीला पक्की जाळी हवीच. डासांची जाळी मांजराचं वजन पेलत नाही. कबुतरांसाठी लावलेली असेल तर ती कडेने सुटलेली नाही ना, हाताने ओढून बघा.

गणपतीत आतली खोली तिची. ट्रे, पाणी, उघडा पिंजरा आणि त्यात तुमचा वापरलेला गाऊन किंवा चादर, सगळं तिथेच. दारावर ‘उघडू नये’ असं मोठ्या अक्षरात लिहा, कारण आरतीला आलेली मंडळी चप्पल काढता-घालता मुख्य दार सताड उघडं टाकतात. बुकेत मोठ्या लिलीची फुलं आली तर घराबाहेरच ठेवा. त्यांचे परागकण चाटले तरी मांजराची किडनी निकामी होते.

राहिला ठेवण्या-देण्याचा प्रश्न. माझं मत विचाराल तर ठेवा. पण दया आली म्हणून नको. मे महिन्यात गावी गेलात तर तिला कोण बघणार, दरवर्षीची लस आणि अचानक येणारा डॉक्टरांचा खर्च झेपेल का, हे घरात मोकळेपणी बोला. सासूबाईंचं ‘हो’ मनापासून हवं, कारण दिवसभर घरात त्या असणार. जमणार नसेल तर खारघरला द्या आणि त्यात कमीपणा मानू नका. तिला काय आवडतं, कशाला घाबरते, हे कागदावर लिहून द्या. त्यांच्या खिडक्या स्वतः जाऊन बघा. नाही जमलं तर परत आमच्याकडेच आणायची, असं कबूल करून घ्या. नसबंदी झाली आहे का, हे डॉक्टरांकडून आधी तपासून घ्या. एका कानाचं टोक कापलेलं असेल तर बहुधा झालेली असते.

प्रश्न : वर्षभरापूर्वी दत्तक घेतलेला आमचा बोका सकाळपासून सारखा ट्रेमध्ये बसतो, ओरडतो, पण लघवी होत नाही. बद्धकोष्ठ असेल का? एरंडेल देऊ का?
— एक वाचक, वर्तकनगर, ठाणे

उत्तर : तुम्हाला फोनवर कळवलंच, इथे बाकीच्यांसाठी. एरंडेल नको, घरगुती काहीच नको. बोक्याचा मूत्रमार्ग अरुंद असतो आणि तो तुंबला तर एक-दोन दिवसांत जीव जातो. असं दिसलं की रात्र असो, रविवार असो, जवळचा दवाखाना गाठा. तो बंद असेल तर पुढचा शोधा. पोट दाबून बघायचं नाही आणि सकाळची वाट तर मुळीच बघायची नाही.