चित्रवर्णन, पर्यायी मजकूर आणि 'एक मुलगी'

विचारणा अशी आहे: समाजमाध्यमांवर फोटोसोबत दृष्टिहीनांसाठी जे लिहितात त्याला 'चित्रवर्णन' म्हणावं की 'पर्यायी मजकूर'? आणि त्याची सुरुवात 'या चित्रात… दिसत आहे' अशी करावी का?

दोन्ही शब्द चालतात, पण अर्थ थोडे वेगळे. फोटो टाकताना जी वेगळी चौकट भरायची असते, जी एरवी पडद्यावर दिसत नाही पण स्क्रीन रीडर (पडद्यावरचं बोलून सांगणारं सॉफ्टवेअर) वाचून दाखवतो, तो पर्यायी मजकूर. म्हणजे चित्राच्या जागी उभा राहणारा. पोस्टमध्येच सगळ्यांना दिसेल असं लिहिलं तर ते चित्रवर्णन. ट्विटरनं २०१६ साली ही चौकट दिली तेव्हा तिच्यात ४२० अक्षरं मावत. आज एक्सवर १००० मावतात, त्यामुळे वर्णनही तिथेच उरकतं आणि बोलताना दोन्हींना 'चित्रवर्णन' म्हटलं तरी बिघडत नाही.

'या चित्रात' मात्र नको. एनव्हीडीए असो वा टॉकबॅक, इथे चित्र आहे हे स्क्रीन रीडर स्वतःच सांगतो. 'दिसत आहे'सुद्धा भरताडच.

खरी गंमत पुढे आहे. 'एक मुलगी एका बाकावर एक पुस्तक वाचत आहे' यातले तिन्ही 'एक' इंग्रजीची सावली आहेत. 'मुलगी बाकावर बसून पुस्तक वाचतेय' एवढं पुरे. दुसरी खोड आपली स्वतःची, विशेषणांची आगगाडी: 'पिवळा रेनकोट घातलेली, हातात कंदील धरलेली, खिडकीतून वाकून पाहणारी मुलगी'. डोळा मागे-पुढे फिरतो, म्हणून छापील पानावर हे खपतं. ऐकणाऱ्याला मात्र कोण ते कळेपर्यंत रेनकोट, कंदील, खिडकी सगळं लक्षात धरून बसावं लागतं. त्यापेक्षा: 'मुलगी खिडकीतून वाकून पाहतेय. अंगात पिवळा रेनकोट, हातात कंदील.' कर्ता आधी, तपशील मागून.

फोटोत अक्षरं असतील, उदाहरणार्थ सूचना किंवा निमंत्रण, तर ती जशीच्या तशी उतरवावीत. 'सूचनेचा फोटो' लिहून सूचना कळत नाही.

आणि 'व्यक्ती' जपून वापरावा. तो स्त्रीलिंगी, त्यामुळे 'व्यक्ती बसली आहे' ऐकून बाई डोळ्यांपुढे येऊ शकते. पुरुष असेल तर सरळ 'माणूस' किंवा 'मुलगा' लिहावं. कळतच नसेल तर 'कुणीतरी पाठमोरं बसलं आहे' लिहावं. नपुंसकलिंग अशा वेळी फार कामाचं.