नव्या पॅकेजचं पहिलं वाचन

प्रिय दोस्त,

डेबियन या मुक्त ऑपरेटिंग सिस्टिममध्ये नव्याने येणारी पॅकेजं जिथे तपासणीसाठी थांबतात, त्या 'न्यू' रांगेतलं पहिलं पॅकेज तपासायला घेतलंस आणि संध्याकाळी मला विचारलंस, "बिल्ड होतंय, लिंटियन (पॅकेजमधल्या चुका शोधणारं टूल) गप्प आहे, मग अजून बघायचं काय?" फोनवर मी काहीतरी गुळमुळीत उत्तर दिलं. नंतर तोच टारबॉल (सोर्सच्या फाइलींचा गठ्ठा) मीही उतरवून पाहिला, म्हणून हे पत्र.

बिल्ड फसला तर मशीन ओरडतं. लायसन्स चुकलं तर कुणीच ओरडत नाही. ती फाइल वर्षानुवर्षं जगभरच्या मिररवर, म्हणजे डेबियनच्या प्रती ठेवणाऱ्या सर्व्हरवर, निवांत पडून राहते. शिवाय पॅकेज या रांगेत साधारणपणे एकदाच येतं. पुढच्या आवृत्त्या मेंटेनर, म्हणजे पॅकेज सांभाळणारा माणूस, थेट चढवतो. एसओनेम (लायब्ररीची आवृत्ती ओळखायचं नाव) बदलल्यामुळे लायब्ररीच्या पॅकेजचं नाव बदललं, किंवा नवं बायनरी (तयार, थेट बसवता येणारं) पॅकेज जोडलं, तरच ते पुन्हा इथे अडतं. म्हणजे या टारबॉलमधल्या फाइली त्रयस्थ नजरेनं वाचणारं माणूस कदाचित तूच पहिलं आणि तूच शेवटचं.

म्हणून आधी टारबॉल उघड, मेंटेनरने लिहिलेल्या फाइलींची 'डेबियन' डिरेक्टरी नंतर. बहुतेक जण उलटं करतात: तिथली कॉपीराइट फाइल (कुठल्या फाइलीचं लायसन्स कोणतं, याची नोंद) वाचायची आणि ती बरोबर आहे असं धरून दोन-चार फाइली चाळायच्या. ती फाइल म्हणजे मेंटेनरचं म्हणणं आहे, पुरावा नव्हे. शितावरून भाताची परीक्षा इथे चालत नाही. चारशे फाइलींवर एमआयटी लायसन्स असतं आणि चारशे एकावी कुणीतरी दुसरीकडून उचललेली असते. अशा फाइली मला बहुधा त्याच त्या जागी सापडतात: टेस्टसाठी ठेवलेले नमुने, आयकॉन, फॉन्ट, इतरांचा कोड ठेवलेलं 'व्हेंडर' नावाचं फोल्डर. तिथून सुरुवात कर.

मिनिफाय केलेल्या, म्हणजे दाबून एका ओळीत बसवलेल्या, जावास्क्रिप्टवर तुझा पहिला वाद होईल, हे आत्ताच सांगून ठेवते. मेंटेनर म्हणेल, ते जावास्क्रिप्टच आहे ना, मग सोर्स आणखी कसला हवा? त्याला एकच विचार: यात बदल करायचा झाला तर मूळ लेखक हीच एका ओळीची फाइल उघडेल का? नाही ना? मग ते सोर्स नाही. डेबियनच्या मुक्त सॉफ्टवेअर निकषांमधला दुसरा मुद्दा सोर्सचाच आहे, आणि सोर्स म्हणजे ज्या रूपात माणूस बदल करतो ते रूप.

जेसनचं (डेटा लिहायच्या एका पद्धतीच्या सॉफ्टवेअरचं) जुनं लायसन्स पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हसू आलं होतं. हे सॉफ्टवेअर चांगल्या कामासाठी वापरावं, वाईटासाठी नाही, अशी अट त्यात आहे. कुणाला वाटेल, यात बिघडलं काय? पण वापराच्या क्षेत्रावर बंधन नको, हा निकषांमधला सहावा मुद्दा आहे. आणि वाईट म्हणजे काय हे ठरवायचं कुणी? डेबियनमध्ये ते मुक्त मानलं जात नाही, फेडोरा या दुसऱ्या लिनक्समध्येही नाही. व्यावसायिक वापराला मनाई करणारी क्रिएटिव्ह कॉमन्सची लायसन्सं याच कारणाने अडतात. चित्रांच्या फोल्डरमध्ये ती हमखास भेटतील.

मेंटेनरने स्वतः घातलेले पॅच, म्हणजे मूळ कोडमध्ये केलेले बदल, सोडू नकोस. 2006 मध्ये डेबियनच्या ओपनएसएसएल या एन्क्रिप्शनच्या लायब्ररीमधून एका टूलच्या इशाऱ्यामुळे एक-दोन ओळी काढल्या गेल्या. परिणाम असा की, किल्ली बनवताना यादृच्छिकता उरली ती जवळपास फक्त प्रोसेस आयडीची (चालू प्रोग्रामला मिळणाऱ्या क्रमांकाची), म्हणजे जास्तीत जास्त 32,768 शक्यता. हे उघड झालं मे 2008 मध्ये. पॅच छोटा होता, हेतू चांगला होता.

एक्सझेडचं (फाइली दाबून लहान करणाऱ्या सॉफ्टवेअरचं) काय, असं तू विचारशीलच. 2024 च्या त्या चोरदरवाजाच्या प्रकरणात 5.6.0 आणि 5.6.1 च्या टारबॉलमध्ये बिल्डच्या वेळी वापरली जाणारी एक एमफोर फाइल अशी होती, जी गिटमध्ये, म्हणजे कोडच्या जाहीर भांडारात, नव्हती, आणि तीच टेस्टच्या फाइलींमध्ये लपवलेला कोड बाहेर काढायची. ते आपल्या रांगेत अडलं असतं का? नाही. एक्सझेड कधीचंच आत होतं. आपल्या तपासणीला ही मर्यादा आहे आणि ती मान्य करावी. तरी नव्या पॅकेजचा टारबॉल गिटच्या टॅगशी (त्या आवृत्तीच्या खुणेशी) एकदा ताडून पाहायची सवय लावून घे. वेळ फार जात नाही.

आता रिजेक्टच्या पत्राबद्दल. सुरुवातीला मी एकाला दोन ओळींत परत पाठवलं होतं: "कॉपीराइट फाइल अपुरी. दुरुस्त करा." कुठली फाइल, कॉपीराइटचा कुठला धारक, काहीच लिहिलं नाही. रांग लांब होती, मी दमले होते. ते पॅकेज पुन्हा आलं नाही, माणूसही आला नाही. तेव्हापासून मी फाइलचा पूर्ण पाथ लिहिते, आणि पहिली चूक सापडली म्हणून तिथेच थांबत नाही, शेवटपर्यंत वाचते. नाहीतर बिचारा एक दुरुस्त करून पुन्हा रांगेत उभा राहतो आणि आपण त्याला दुसरी दाखवतो.

आता तुझ्या पॅकेजकडे. 'डॉक्स'मध्ये एक पीडीएफ आहे. तिचा सोर्स मला टारबॉलमध्ये कुठे दिसला नाही, आणि तिच्या शेवटच्या पानावर कॉपीराइटचं वेगळंच नाव आहे. मेंटेनरला लिहायचं पत्र आधी तू तयार कर, मग मला दाखव.

तुझी,
रांगेतली जुनी