वाचकांचे प्रश्न : अपुऱ्या दिवसांचे बाळ आणि त्याची छाती

प्रश्न : माझा मुलगा 28व्या आठवड्यात जन्मला. काही दिवस व्हेंटिलेटरवर आणि पुढे दोन महिने ऑक्सिजनवर होता. आता तो सात वर्षांचा असून वजन-उंची उत्तम आहे. मात्र पावसाळ्यात छाती घरघरते आणि खळ्यात खेळताना इतरांच्या आधी धाप लागते. ‘मोठा झाला की सुटेल’, असे सासूबाई म्हणतात. हे खरे आहे का?
– एक आई, गुहागर तालुका

उत्तर : सासूबाईंचे म्हणणे अगदीच चुकीचे नाही, कारण पहिल्या दोन-तीन वर्षांनंतर अशा मुलांची आजारपणे बहुधा कमी होतात. परंतु अंग भरले म्हणजे फुप्फुसेही भरून आली, असे गृहीत धरू नये. हवेच्या बारीक पिशव्यांपैकी बहुतेक गर्भारपणाच्या शेवटच्या आठवड्यांत आणि जन्मानंतरच्या पहिल्या काही वर्षांत तयार होतात. ज्या व्हेंटिलेटरने आणि ऑक्सिजनने तुमच्या बाळाचा जीव वाचवला, त्यांचाच ताण या घडणीवर पडू शकतो. फुप्फुसांची क्षमता साधारण 20 ते 25 वर्षांपर्यंत वाढते व पुढे प्रत्येकाचीच हळूहळू उतरते. म्हणून ज्याची शिदोरी मुळात कमी, त्याने ती अधिक जपायला हवी.

त्यासाठी आधी मोजमाप हवे. सात वर्षांच्या मुलाला स्पायरोमेट्री जमते : नाकाला चिमटा लावून, छातीभर श्वास घेऊन तो नळीत जोराने आणि संपेपर्यंत फुंकायचा, मग श्वासनलिका मोकळ्या करणारे औषध पंपातून देऊन तेच पुन्हा करायचे. औषधाने किती फरक पडतो, हे त्यातून कळते. ही धाप नेहमीच्या दम्याची असेलच असे नाही, त्यामुळे शेजारच्या मुलाचा पंप कृपा करून देऊ नका.

धुराबद्दल मात्र मला कळकळीने सांगायचे आहे. पावसात ओली लाकडे चुलीत धुमसतात आणि दारे-खिडक्या मिटलेल्या असल्याने सारा धूर घरातच कोंडतो. त्या वेळी मुलाला तिथे अभ्यासाला बसवू नका. भाजावळीच्या दिवसांतही त्याला दूर ठेवा. घरात कोणी विडी-सिगारेट ओढत असेल, तर ती सुटलीच पाहिजे. फ्लूची लस दरवर्षी पावसाळ्यापूर्वी घ्यावी. खेळ बंद करू नका. दमला की त्याला थांबू द्या, एवढे शाळेत सांगा.

श्वास घेताना बरगड्यांखाली खळगा पडत असेल, ओठ निळसर दिसत असतील किंवा वाक्य पुरे करता येत नसेल, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठा. जन्माच्या वेळचे डिस्चार्ज कार्ड सोबत न्या आणि तो मोठा झाल्यावर त्याच्याच हाती सोपवा. चाळिशीत धाप लागली, तरी डॉक्टरांना ते पाहायला मिळाले पाहिजे.