उंदराचं औषध

"आमच्याकडे उंदीर आजारी आहे," असं त्यांनी कंपनीच्या बसमध्ये शेजारच्या सहकाऱ्याला सांगितलं. तो मोबाइलमधून मान वर न करता म्हणाला, "औषध कमी पडलं असेल. पुढच्या वेळी भज्यात घालून ठेवा."

मराठीत ‘उंदराचं औषध’ म्हणजे विष, त्यामुळे त्या सहकाऱ्याला बोल लावण्यात अर्थ नाही. पण कर्वेनगरात राहणाऱ्या आणि रोज भोसरीला नोकरीला जाणाऱ्या या चाळिशीतल्या गृहस्थांनी त्या दिवसापासून तोंड मिटलं. पुढच्या महिन्याभरात त्यांना तीनदा रजा लागली आणि तिन्ही वेळा त्यांनी ‘आई आजारी’ असं कारण लिहिलं. तिसऱ्यांदा साहेबांनी आपुलकीनं घरी फोन केला. तो नेमका आईंनीच उचलला. "मला काय धाड भरलीय?" त्या म्हणाल्या.

या फोननंतर आठवड्याभरात ते नळ स्टॉपजवळच्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत आले. वेळ पत्नीनं घेतली होती. फॉर्मवर ‘तक्रार’ या शब्दापुढे त्यांनी दोनच शब्द लिहिले होते : झोप नाही.

त्यांच्या परवानगीनं हे लिहितेय. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. लिहायचं कारण असं की ससा, हॅमस्टर, लव्हबर्ड्‌स पाळणारे बरेच जण अलीकडे हाच प्रश्न घेऊन येतात : एवढ्याशा जिवासाठी इतकं वाईट वाटणं बरोबर आहे का? आणि ‘आता पुरे’ कधी म्हणायचं?

तर, दोन वर्षांपूर्वीच्या संक्रांतीला त्यांच्या मुलीच्या हट्टापायी दोन माद्या घरी आल्या. संक्रांतीच्या म्हणून नावं रेवडी आणि चिक्की. प्रयोगशाळेत पांढरे उंदीर असतात, त्यांचीच ही रंगीत भावंडं. मुलगी तेव्हा सात वर्षांची. पहिले चार महिने तिनं सगळं केलं, मग नेहमीप्रमाणे सगळं बाबांच्या गळ्यात पडलं आणि बाबांना ते आवडायला लागलं. कामावरून आलं की चिक्की त्यांच्या बाहीतून शिरून कॉलरमधून डोकं काढायची. पाळीव उंदीर दोन ते तीन वर्षं जगतो, हे त्यांनी आणताना ऐकलं होतं. ऐकून सोडून दिलं होतं.

आता चिक्कीच्या काखेत गाठ होती. संक्रांतीला आवळ्याएवढी, शिमग्यापर्यंत लिंबाएवढी. शिवाय श्वास घेताना घुर्रघुर्र. ते रात्री दर दोन तासांनी उठून टॉर्च लावायचे आणि तिच्या कुशी हलताहेत का पाहायचे.

इथे माझी चूक झाली, आणि ती सांगायलाच हवी. बोलता बोलता त्यांनी सांगितलं होतं की चार वर्षांपूर्वी त्यांचे वडील फुप्फुसाच्या आजारानं गेले, शेवटचे काही आठवडे घरी ऑक्सिजनवर होते. मला वाटलं, सापडलं! रात्री श्वास मोजणारा मुलगा, मग तोच श्वास मोजणारा बाप. मी अगदी हळुवार आवाजात विचारलं, "चिक्कीकडे बघताना तुम्हाला बाबा आठवतात का?"

ते वैतागले. "मॅडम, बाबांचं जे काही व्हायचं ते झालंय माझं. तेव्हा माणसं आली होती. दहा दिवस शेजारच्यांनी पिठलं-भात आणून दिला, तेराव्याला साठ पानं उठली. साहेबसुद्धा येऊन बसले होते. हिच्यासाठी कोण येणार आहे? आणि ही बाबा नाहीये हो. ही चिक्की आहे."

आमच्या धंद्यात हा रोगच आहे : उंदराबद्दल बोलणारा माणूस दुसऱ्याच कशाबद्दल तरी बोलत असणार, असं धरून चालायचं. ते खरोखर उंदराबद्दलच बोलत होते. आणि नकळत त्यांनी नेमका मुद्दाही सांगून टाकला होता. केनेथ डोका या अभ्यासकानं १९८९ मध्ये अशा दुःखाला एक नाव दिलं. मराठीत मी त्याला ‘बिनमान्यतेचं दुःख’ म्हणते. आसपासच्या माणसांच्या लेखी जे दुःख नाहीच, त्याला रजा नसते, सुतक नसतं, भेटायला येणारं कोणी नसतं. ते कमी नसतं, एकट्यानं करावं लागतं इतकंच. आणि ते लपवण्यासाठी माणूस ठणठणीत आईला आजारी पाडतो.

दुसऱ्या भेटीत खरी गोष्ट बाहेर आली. रात्री अडीच वाजता टॉर्च हातात असताना त्यांच्या मनात आलं होतं, ‘आता जा बाई एकदाची.’ त्या क्षणापासून ते स्वतःला खुनी समजत होते, आणि त्याची भरपाई म्हणून आणखी जागत होते.

मी त्यांना सांगितलं की ज्यांनी कुणी आजारपणं काढली आहेत, त्या बहुतेकांच्या मनात हे येऊन जातं. सख्ख्या आईच्या उशाशी बसलेल्या मुलींच्याही. त्यात जिवावर उठणं नसतं, अंगात त्राण उरलेलं नसतं. मग मी विचारलं, "रात्री दोनला तिचा श्वास जड वाटला, तर तुम्ही काय करणार?" ते बराच वेळ गप्प राहिले. "काही नाही. बघत बसणार."

मग बघू नका, मी म्हटलं. ही भावनेची नव्हे, पाळ्या लावण्याची गोष्ट होती. रात्रीचा अकराचा डोस पत्नीकडे, सकाळचा साडेपाचचा त्यांच्याकडे, मधे टॉर्च बंद. त्याआधी एक अट घातली : लहान प्राणी तपासणाऱ्या डॉक्टरांना दाखवायचं. मी समुपदेशक आहे, गाठीतलं मला काही कळत नाही.

दोन दवाखान्यांत "आम्ही कुत्री-मांजरंच बघतो" असं ऐकल्यावर तिसऱ्या ठिकाणी त्यांना हव्या तशा डॉक्टर बाई भेटल्या. तिथून आल्यावर ते जे सांगत गेले ते मी वहीत उतरवून घेतलं. आता अशी घरं आली की मला उपयोगी पडतं.

नाकाडोळ्यांभोवती जो लाल ओघळ पाहून मुलगी "रक्त, रक्त" म्हणून रडली होती, ते रक्त नव्हतं. उंदराच्या डोळ्यामागच्या ग्रंथीतून पॉर्फिरिन नावाचं लाल द्रव्य पाझरतं. एरवी उंदीर ते पुसून टाकतो. ताण असला, आजारी असला की ते साचून दिसू लागतं. म्हणजे घाबरून किंचाळायचं नाही, पण दुर्लक्षही करायचं नाही. घुरघुर होती ती मायकोप्लाझ्मा या जंतूची. पाळीव उंदरांत तो फार सर्रास असतो, बहुतेकांना आईकडूनच लागतो. औषधानं आटोक्यात येतो, मुळापासून जात नाही. उंदीर श्वास नाकानंच घेतो. त्यामुळे तो तोंड उघडून धापा टाकायला लागला, तर मात्र उशीर करायचा नाही, वेळ कोणतीही असो.

गाठ स्तनाची होती. काखेत कशी, हा प्रश्न मलाही पडला. मादी उंदराच्या स्तनांची पेशीजाळी गळ्यापासून जांघेपर्यंत पसरलेली असते, त्यामुळे गाठ कुठेही येऊ शकते. अशा गाठी पुष्कळदा साध्या असतात आणि तरण्या, धडधाकट मादीची काढताही येते. पण सव्वादोन वर्षांची मादी, त्यात ही अशी फुप्फुसं. भूल सोसेलच असं नाही, असं डॉक्टर म्हणाल्या. घरच्यांनी ऑपरेशन न करायचं ठरवलं.

आधी घरातल्या उरलेल्या गोळ्या अंदाजानं कुटून देत होते, त्यावर डॉक्टरांनी त्यांना चांगलंच झापलं. नवं औषध मोजून पिचकारीनं द्यायचं होतं. ते यांनी नाचणीच्या पेजेत कालवायचं ठरवलं, तर तेही नाही म्हणाल्या : त्या गटातलं औषध कॅल्शियमला चिकटतं आणि अंगी लागत नाही. दूध नको, नाचणी नको. पेज हवी तर नंतर, वेळ सोडून. औषधाला कुस्करलेलं केळं.

दर रविवारी स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन. त्यातही एक गोम होती. चिक्कीचं वजन महिनाभर जवळपास तेवढंच राहिलं म्हणून सगळे खूश होते. डॉक्टरांनी पाठीवरून बोट फिरवायला लावलं, तर मणके मोजता येत होते. गाठ वाढत होती, चिक्की घटत होती, काटा दोन्हींची बेरीज दाखवत होता.

राहता राहिल्या त्यांच्या आई. त्यांचं बालपण नारायण पेठेतल्या वाड्यात गेलेलं. त्यांच्या आजीच्या तोंडी प्लेगाच्या गोष्टी होत्या : ‘उंदीर पडला’ की घराला कुलूप लावायचं आणि गावाबाहेर झोपडीत जाऊन राहायचं. स्वतः आईंनी पिंजऱ्यात पोळीचा तुकडा अडकवून उंदीर धरलेले. त्याच पिंजऱ्यात आता उंदरांसाठी झोळी बांधलीय, हे त्यांना पटणं अवघड होतं. दोन वर्षं त्या ‘तुमचं ते’ असंच म्हणत आल्या. आणि पिंजरा होता हॉलमध्ये, देवघराशेजारी. रोज संध्याकाळी धूप, नंतर डासांची कॉइल. आजारी फुप्फुसांना धूर आणि मुतातला अमोनिया, दोन्ही वाईट. पिंजरा कुठे हलवायचा यावरून घरात कडाक्याचं भांडण झालं. ते मी इथे देत नाही. त्याचा निकाल असा लागला की पिंजरा खिडकीपासून दूर, माठाशेजारच्या कोपऱ्यात गेला. उंदराला माणसासारखा घाम येत नाही, तो कुत्र्यासारखी जीभ काढून धापत नाही, अंगातली उष्णता बरीचशी शेपटीतून जाते. पुण्याचा एप्रिल-मे त्याला जड जातो. पिंजऱ्यात शहाबादी फरशीचा तुकडा ठेवण्याची कल्पना आईंचीच. "वाड्यात आम्ही फरशीवरच लोळायचो," एवढंच म्हणाल्या.

मग तो प्रश्न आलाच. "डॉक्टर म्हणतात, वेळ आली की सांगा. मॅडम, वेळ आली हे मला कसं कळणार?"

तुम्हाला कळणार नाही, मी म्हटलं. रात्री अडीचला तर नाहीच. म्हणून आजच, शुद्धीवर असताना ठरवू. मुलीला घेऊन या.

नऊ वर्षांची ती मुलगी माझ्यापेक्षा व्यवहारी निघाली. चिक्कीच्या तीन खुणा तिनं बोटांवर मोजल्या : दार वाजलं की येते का, शेंगदाणा दोन हातांत धरून खाते का, तोंड धुते का. भिंतीवरच्या कॅलेंडरवर, दुधाच्या खाड्यांशेजारी, रोज रात्री खूण करायची. तिन्हीतल्या दोन जमल्या तर बरोबर, नाही तर फुली. लागोपाठ तीन फुल्या आल्या की डॉक्टरांना फोन. फोन बाबा करणार, पण निर्णय बाबांचा नसणार. तो कॅलेंडरचा.

डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा, असंही मी सुचवलं : सुईआधी पूर्ण बेशुद्ध करणार ना? हो म्हणाल्या. आणि मुलीसमोर ‘झोपवलं’ हा शब्द वापरू नका, असं आईवडिलांना सांगितलं. ज्या घरात रात्री मुलांना झोपवतात, त्या घरात तो शब्द नको. ‘मरण’ म्हणा. मुलांना तो शब्द माहीत असतो.

आईंचा मात्र विरोध होता. "गणपतीचं वाहन. आपण कोण मारणारे?" वाड्यातल्या पिंजऱ्यातल्या उंदरांचं काय व्हायचं, हे नातीनं विचारलं. आई म्हणाल्या, "ते वेगळे होते." यावर कोणीच काही बोललं नाही.

एप्रिलभर फुल्या एकट्यादुकट्या आल्या. मेच्या दुसऱ्या आठवड्यात सोमवार, मंगळवार, बुधवार. बुधवारी रात्री त्यांनी मला मेसेज केला : ‘तीन झाल्या.’ मी लिहिलं, ‘उद्याची रजा कोणत्या कारणानं टाकताय?’ बऱ्याच वेळानं उत्तर आलं, ‘घरगुती.’ आईला आजारी न पाडता रजा, म्हणजे पुष्कळ झालं.

गुरुवारी मुलीला विचारलं, येतेस का. ती नको म्हणाली, घरीच चिक्कीच्या नाकाशी शेंगदाण्याचं कूट धरलं आणि शाळेच्या सुट्टीतला अभ्यास करत बसली. मुलं अशीच दुःख करतात, अर्धा तास रडतात आणि मग विचारतात जेवायला काय आहे. त्यावरून त्यांना लागलं नाही असं समजू नये. दवाखान्यात दहा मिनिटं लागली. परत आणल्यावर डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे चिक्कीला रेवडीजवळ थोडा वेळ ठेवलं, म्हणजे ती सोबतीण शोधत बसत नाही. रेवडीनं हुंगलं, एक कान चाटला आणि झोळीत जाऊन बसली. पुरलं कुठे, ते त्यांनी मला सांगितलं नाही. सोसायटीचे नियम असावेत. मीही विचारलं नाही.

त्यानंतर ते दोनदाच आले. एकदा ‘घाई केली का’ म्हणून. मी त्यांना मोबाइलमधला कॅलेंडरचा फोटो काढायला सांगितला आणि आम्ही तो नुसता पाहिला. दुसऱ्यांदा, रेवडीला सोबत म्हणून नवीन पिल्लू आणावं का, हे विचारायला. उंदराला एकटं राहवत नाही हे खरं, पण एक आणलं की तेही उद्या एकटं पडणार, ही साखळी कुठे तोडायची हा प्रश्न घरोघरी वेगळा सुटतो. त्यांनी आणलं नाही. रेवडी संध्याकाळभर त्यांच्या बाहीत असते.

परवा त्यांचा फोन आला, भोसरीहून, जेवणाच्या सुट्टीत. रेवडीच्या नाकाला लाल दिसतंय. घरून आईंनी कळवलं होतं. आधी धुपाटणं गॅलरीत नेऊन ठेवलं, मग रेवडीला काट्यावर घेतलं, आणि मग मुलाला फोन केला. दोनशे शहाऐंशी, त्या म्हणाल्या. आणि पाठीवरून बोट फिरवलंय.